शहराचा कारभारी कोण?

महापालिकेच्या निवडणुकीचा निकाल लागला की आपल्याकडे दोन-चार दिवस आकड्यांशिवाय दुसरा विषय नसतो. कोणाचे किती आले, कोण किती मतांनी पडले, महापौरपदाच्या आरक्षणाची चिठ्ठी कोणाच्या नावाने निघणार, याचा हिशेब पानठेल्यापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत चालतो. घरातली बाई मात्र वेगळाच प्रश्न विचारते. नळाला पाणी नाही आले, गडर लाइन तुंबली, कचऱ्याची गाडी फिरकलीच नाही, तर आता सांगायचे कोणाला? पुरुषमंडळी हा प्रश्न हसण्यावारी नेतात. मला मात्र तोच प्रश्न खरा राजकीय वाटतो. सत्ता कोणाची आली हे आकड्यांवरून समजते. कारभार कोण करतो आणि जाब कोणाला विचारायचा, हे आकडे सांगत नाहीत.

मी कळमन्याला राहतो. नागपूरच्या बाहेर कळमना म्हटले की लोकांना संत्री आणि मिरची आठवते. आंबिया बहाराची संत्री येऊ लागली की पहाटेपासून गाड्यांची रांग लागते. मिरचीच्या दिवसांत तर बाजारापासून लांब राहणाऱ्यांनाही ठसका लागतो. पलीकडे रेल्वेचे स्थानक. आजूबाजूला पारडी, भरतवाडा, डिप्टी सिग्नल, मिनीमातानगर अशा वस्त्या. तिथे छत्तीसगडहून पोटासाठी आलेल्या माणसांच्या आता पुढच्या पिढ्या नांदताहेत. इतवारीच्या गल्लीबोळांतला धान्याचा मोठा व्यवहार इकडे सरकला आणि एकेकाळचे हे गाव बघता बघता शहराच्या पोटात गेले.

या बाजारात राहून एक गोष्ट अंगवळणी पडते. इथे भाव सर्वांसमोर पुकारला जातो. शेतकरी उभा असतो, अडत्या उभा असतो, घेणारे उभे असतात. बोली वर चढताना सगळे ऐकतात. त्यात लबाडी होत नाही असे नाही, पण ती करायलाही चार माणसांच्या डोळ्यांदेखत करावी लागते. १९६३ च्या कायद्याने बाजार समित्यांची जी घडण केली, तीही पाहण्यासारखी आहे. अठरा संचालक. त्यांत अकरा सहकारी सोसायट्यांतून, चार ग्रामपंचायतींतून, दोन व्यापारी-अडत्यांचे आणि एक हमाल-मापाऱ्यांचा. पाठीवर पोते वाहणाऱ्यालाही या कायद्याने एक खुर्ची दिली. ती पुरेशी आहे का, हा वाद वेगळा. पण बाजाराचा कारभार ज्यांच्या जिवावर चालतो ते सगळे एका टेबलाभोवती बसले पाहिजेत, हा विचार त्यामागे आहे. नेमक्या याच कसोटीवर मला आज आपली महापालिका तपासायची आहे.

नागपूरची नगरपालिका १८६४ सालची. म्हणजे शहरातल्या कित्येक वाड्यांपेक्षा जुनी. पुढे १९४८ मध्ये नागपूरसाठी स्वतंत्र महापालिका कायदा झाला आणि १९५१ मध्ये महापालिका अस्तित्वात आली. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होते. बॅरिस्टर शेषराव वानखेडे पहिले महापौर. क्रिकेटच्या मैदानामुळे ज्यांचे नाव मुंबईकर रोज घेतात, तेच हे वानखेडे. राजधानीपण १९५६ मध्ये गेले, पण महालातल्या टाऊन हॉलमधले सभागृह गाजतच राहिले. काँग्रेस, रिपब्लिकन, जनसंघ, कामगारांत काम करणारे डावे, स्थानिक आघाड्या असे सगळे रंग त्या सभागृहाने पाहिले. लोकमंचाचे अटलबहादूर सिंग यांच्यासारखा स्थानिक गटाचा माणूसही इथे महापौर झाला. कोणत्याही एका पक्षाला हे शहर आपल्या खिशात आहे असे म्हणता येऊ नये, असे दिवस होते.

पुढचा प्रवास वाचकांना ठाऊक आहे. १९९७ मध्ये देवेंद्र फडणवीस अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी महापौर झाले. २००२ मध्ये काँग्रेसची सत्ता आली आणि विकास ठाकरे महापौर झाले. २००७ पासून भारतीय जनता पक्षाची सत्ता आहे. २०१२ मध्ये त्या पक्षाला १४५ पैकी ६२ जागा होत्या, म्हणजे बहुमताला बरेच कमी. त्यामुळे इतरांना सोबत घेऊन चालावे लागले. २०१७ मध्ये चित्र पालटले. १५१ पैकी भाजप १०८, काँग्रेस २९, बसप १०, शिवसेना २, राष्ट्रवादी १ आणि अपक्ष १. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीतही भाजपने स्पष्ट बहुमत राखले. मतदारांनी कौल दिला, तो मान्य केलाच पाहिजे. माझा मुद्दा कोण जिंकले हा नाही. जिंकण्या-हरण्याचे हे आकडे ज्या साच्यातून बाहेर पडतात, तो साचा आपण कधी उलटून पाहत नाही, हा आहे.

हा साचा म्हणजे प्रभाग. गेल्या पंचवीस वर्षांत नागपूरकराचा प्रभाग किती वेळा बदलला ते पाहा. २००२ मध्ये तीन जणांचा. २००७ मध्ये एकाचा वॉर्ड. २०१२ मध्ये दोघांचा. २०१७ मध्ये चौघांचा. मधे तीन जणांचे ५२ प्रभाग आणि १५६ नगरसेवक अशी एक रचना झाली, पण तिच्यावर मतदान होण्याआधीच ती गुंडाळली गेली. आता पुन्हा चौघांचा. एकूण ३८ प्रभाग, त्यांतले ३७ चौघांचे आणि एक तिघांचा. मुंबईत जे सरकार बसते ते आपल्या सोयीचा साचा निवडते. यात कोणताही पक्ष धुतल्या तांदळासारखा नाही. सून घरात आली की स्वयंपाकघरातले डबे हलवते, तसे प्रत्येक सरकार येताच प्रभागांचे डबे हलवते. फरक एवढाच की सून निदान डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवते.

चौघांच्या प्रभागाचे समर्थन करणारे सांगतात की एक नाही ऐकला तर दुसरा ऐकेल. शिवाय महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग अशा आरक्षणांची वाटणी एकाच प्रभागात नीट बसते. दुसरा मुद्दा खरा आहे. १५१ पैकी निम्म्या म्हणजे ७६ जागा महिलांच्या असतात, आणि ही या शहरातली मोठी शांत क्रांती आहे. पण पहिल्या मुद्द्याचा अनुभव काय? २०११ च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या २४ लाखांवर होती. त्या हिशेबाने चौघांच्या एका प्रभागात साठ हजारांहून अधिक माणसे येतात. एवढा पसारा चौघांचा असतो, म्हणून तो कोणाचाच नसतो. गडर तुंबल्याचे 'अ' जागेच्या ताईंना सांगावे तर त्या म्हणतात, "भाऊ, ते काम 'क'वाले भाऊ पाहतात." 'क'वाले भाऊ म्हणतात, "तुमची लाइन ताईंच्या बाजूला येते न." सामाईक विहिरीचा गाळ कोणी उपसायचा, हा आपल्या गावोगावचा जुना तंटा. तोच आता शहरात आला आहे.

गंमत अशी की बहुसदस्य प्रभाग वाईटच असतो असे नाही. हजारो मैलांवर स्कॉटलंडमध्ये ३२ कौन्सिले आहेत. तिथेही बहुतेक प्रभाग तीन किंवा चार जणांचे. पण मत देण्याची रीत निराळी. आपण चार जागांसाठी चार वेगळी बटणे दाबतो आणि प्रत्येक जागेवर ज्याला सर्वांत जास्त मते तो निवडून येतो. त्यामुळे ज्या पक्षाचा प्रभागात थोडा वरचष्मा, तो चारही जागा घेऊन जाण्याची शक्यता मोठी. स्कॉटलंडमध्ये २००७ पासून मतदार एकाच मतपत्रिकेवर पसंतीचे क्रमांक लिहितो. एक, दोन, तीन असे. आपल्याकडे राज्यसभेची आणि विधान परिषदेची निवडणूक जशा पसंतीक्रमाने होते, साधारण तसेच. त्यामुळे चौघांच्या प्रभागात दोन-तीन पक्षांची माणसे निवडून येतात. गल्लीतल्या प्रत्येक विचाराच्या घराला आपला वाटावा असा निदान एक प्रतिनिधी मिळतो.

याचा परिणाम सभागृहावर दिसतो. २०२२ मध्ये ग्लासगो शहराच्या ८५ जागांपैकी स्कॉटिश नॅशनल पार्टीला ३७, मजूर पक्षाला ३६, हरित पक्षाला १० आणि हुजूर पक्षाला २ जागा मिळाल्या. बहुमत कोणालाच नाही. स्कॉटलंडच्या बहुतेक कौन्सिलांत असेच होते. मग सत्ताधाऱ्यांना अंदाजपत्रक मंजूर करून घेण्यासाठी समोरच्या बाकांशी बोलावे लागते, काही द्यावे लागते, काही सोडावे लागते. तिथे भांडणे होत नाहीत, कचरा साचत नाही, पैशाची ओढाताण नसते, असे मी म्हणत नाही. तिथल्या नगरपित्यांच्याही तक्रारी पुष्कळ आहेत. पण ग्लासगोत सव्वासहा लाख लोकांमागे ८५ प्रतिनिधी, म्हणजे साधारण साडेसात हजारांमागे एक. आपल्याकडे सोळा हजारांमागे एक, आणि तोही चौघांत वाटलेला.

त्याहून मोठा फरक पुढेच आहे. स्कॉटलंडमध्ये कौन्सिलचा सर्वांत मोठा अधिकारी कौन्सिल स्वतः नेमते. तो निवडून आलेल्यांना उत्तर देतो. आपल्याकडे आयुक्ताची नेमणूक राज्य सरकार करते. महापौर शहराचा प्रथम नागरिक. गाडी आहे, मान आहे, सभेचे अध्यक्षस्थान आहे. पण कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे. सभागृहाला आयुक्त नकोसा झाला तर एकूण सदस्यांच्या पाच अष्टमांश मतांनी ठराव करून त्याला परत पाठवता येते, एवढे शस्त्र कायद्याने दिले आहे. ते क्वचितच म्यानातून बाहेर येते. म्हणजे लग्नात नवरदेव घोड्यावर बसतो, पण लगाम दुसऱ्याच माणसाच्या हातात असतो, तशी महापौरांची स्थिती. १९९८ मध्ये मुंबई आणि नागपूर या दोन शहरांत 'मेयर-इन-कौन्सिल'चा प्रयोग झाला. महापौर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे छोटे मंत्रिमंडळ करून त्यांच्याकडे कार्यकारी अधिकार द्यायचे, अशी ती कल्पना. वर्षभरातच, १९९९ मध्ये ती गुंडाळली गेली. ती फसली की तिला उभेच राहू दिले नाही, हे ठरवण्याइतका वेळच मिळाला नाही.

२०२० साल आठवा. आयुक्त तुकाराम मुंढे आणि महापौर संदीप जोशी यांच्यातला वाद घरोघरी पोचला होता. शहर दोन तटांत विभागले. कोणाला आयुक्त हिरो वाटले, कोणाला महापौरांची बाजू पटली. सात महिन्यांत आयुक्तांची बदली झाली आणि वाद संपला. पण त्या गदारोळात मूळ प्रश्न कोणी विचारलाच नाही. शहराचा कारभारी कोण, हे दोन व्यक्तींच्या स्वभावावर का अवलंबून असावे? दोघांचे अधिकार जिथे एकमेकांना घासतात ती जागा कायद्यात तशीच राहिली. माणसे बदलली की ठिणग्या थांबतात. कारण तिथेच असते.

आणि मग आला तो काळ, ज्यात कारभारी एकच उरला. ४ मार्च २०२२ रोजी महापालिकेची मुदत संपली. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात, प्रभाग किती आणि किती जणांचे हा वाद सरकारांत आणि न्यायालयांत. राज्यघटनेची चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू आहे. मुदत संपण्यापूर्वी नवी निवडणूक झालीच पाहिजे, असे ती सांगते. तरी सर्वोच्च न्यायालयाला ६ मे २०२५ रोजी निवडणुका घ्या म्हणून सांगावे लागले, नंतर मुदत वाढवून ३१ जानेवारी २०२६ पर्यंत न्यावी लागली, आणि १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. पावणेचार वर्षांहून अधिक काळ चोवीस लाखांच्या शहराला एकही नगरसेवक नव्हता.

या काळात नेमके काय घडले ते नीट समजून घेऊ. एरवी आयुक्त प्रस्ताव मांडतात, स्थायी समिती तो तपासते, सर्वसाधारण सभेत त्यावर चर्चा होते, विरोधक आरडाओरडा करतात, वार्ताहर लिहून घेतात. प्रशासकाच्या राज्यात स्थायी समितीचे आणि सभागृहाचे अधिकार आयुक्ताकडेच येतात. म्हणजे मागणाराही तोच आणि मंजूर करणाराही तोच. आमच्या बाजारात एकाच माणसाने बोली पुकारावी, त्यानेच ती चढवावी आणि त्यानेच 'सुटला' म्हणावे, तर शेतकरी आपली गाडी परत फिरवील. शहराला मात्र गाडी परत फिरवता येत नाही. लागोपाठची अंदाजपत्रके अशीच मंजूर झाली. अधिकारी वाईट होते असा याचा अर्थ नाही. काही जण मेहनती होते. पण चांगला अधिकारीसुद्धा प्रश्न विचारणाऱ्याशिवाय एकटा पडतो.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. काही तासांच्या पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत, घराघरांत पाणी शिरले. माणसे दगावली, संसार चिखलात गेले. पंचनामे झाले, न्यायालयात याचिका झाल्या, जे व्हायचे ते झाले. पण दुसऱ्या दिवशी टाऊन हॉलमध्ये सभा बोलावून "तलावाची देखभाल कोणाकडे होती? नदीच्या पात्रात बांधकाम कोणी होऊ दिले?" असे गरजून विचारणारा निवडलेला माणूस शहरात नव्हता. माजी नगरसेवक चिखलात उतरून धावपळ करत होते, हे मान्य. पण 'माजी'ला प्रश्न विचारण्याचा अधिकार नसतो, विनंती करावी लागते.

इथे अनेक वाचक मनात म्हणतील, "नगरसेवक नव्हते तेच बरे होते. ठेके नाहीत, टक्केवारी नाही, उगाच फलकबाजी नाही." ही भावना मला समजते. आपल्या नगरसेवकांनी ती स्वतःच्या वागण्याने कमावली आहे. परंतु भात करपला म्हणून कोणी चूल फोडत नाही. नगरसेवक वाईट निघाला तर पाच वर्षांनी घरी बसवता येतो. प्रशासकाला घरी बसवण्याचे बटण मतदान यंत्रावर नसते.

शिवाय शहराचा कारभार आता फक्त महापालिकेत उरलेलाच नाही. नागपूर सुधार प्रन्यास १९३६ च्या कायद्याने आला. '५७२' आणि '१९००' ले-आऊटचे आकडे उच्चारले की प्लॉटवाल्यांच्या दोन पिढ्यांच्या डोळ्यांसमोर नियमितीकरणाच्या रांगा उभ्या राहतात. प्रन्यास बरखास्त करण्याच्या घोषणा झाल्या, मग त्याला जीवदानही मिळाले. शहराबाहेरच्या भागासाठी महानगर प्राधिकरण आले. पारडी, भरतवाडा, पुनापूर, भांडेवाडी या आमच्याच बाजूच्या भागासाठी स्मार्ट सिटीची स्वतंत्र कंपनी आली. पाण्याची वाटप-वसुली २०१२ पासून एका खासगी कंपनीकडे गेली. मेट्रोची आणखी वेगळी कंपनी. प्रत्येकाचे संचालक मंडळ वेगळे, कार्यालय वेगळे. नळ एकाचा, रस्ता दुसऱ्याचा, त्याखालची गडर तिसऱ्याची.

पैशाचेही तसेच. जकात होती तोवर महापालिकेच्या हातात रोख उत्पन्न होते. जकात नाक्यांवरच्या लुटीबद्दल व्यापाऱ्यांची ओरड खोटी नव्हती. १ एप्रिल २०१३ पासून जकात जाऊन स्थानिक संस्था कर आला, तोही २०१५ मध्ये बहुतेकांसाठी उठला, आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर महापालिका राज्याच्या अनुदानाकडे डोळे लावून बसली. स्वतःची मिळकत नसलेल्या थोरल्या मुलाचे घरात जे होते, ते महापालिकेचे मंत्रालयात होते. मान डोलवावी लागते.

मग आपण करायचे काय? पसंतीक्रमाची मतदान पद्धत किंवा महापौरांना अधिकार, हे कायद्याने व्हायचे. त्यासाठी आवाज उठवत राहू. पण काही गोष्टी आजही हातात आहेत. चौघांच्या प्रभागात चौघांनी मिळून भाग वाटून घ्यावेत आणि कोणत्या गल्लीचे कोण बघणार, ते प्रत्येक वस्तीच्या चौकात फलकावर लिहावे. वाढदिवसाच्या फलकांना जागा मिळते, तर याला का मिळू नये? झोन समित्यांच्या सभा उघड्यावर, लोकांना ऐकता येतील अशा व्हाव्यात. मतदारांच्या क्षेत्रसभांची तरतूद राज्याच्या कायद्यात २००९ पासून आहे. खेड्यातल्या माणसाला ग्रामसभेत उभे राहून सरपंचाला विचारता येते. शहरातल्या शिकलेल्या माणसाला तशी जागाच नाही, याची आपल्याला लाज वाटायला हवी. आणि सभागृहात विरोधी बाकांवर जी थोडी माणसे आहेत, त्यांनी सभात्यागापेक्षा विषयपत्रिकेचा अभ्यास जास्त करावा.

आपल्यापुरते म्हणाल तर एक सोपे काम आहे. आज रविवार आहे, घरातली सगळी मंडळी एकत्र आहेत. आपल्या प्रभागातल्या चारही नगरसेवकांची नावे मुलांना कागदावर लिहायला सांगा. बहुतेक घरांत दोन नावांवर पेन थांबेल. उरलेली दोन शोधून काढा. कागदाखाली वस्तीचा एकच प्रश्न लिहा आणि तोच प्रश्न चौघांनाही, चार वेगवेगळ्या पत्रांनी विचारा. उत्तर आले तर तारीख टाकून ठेवा. नाही आले तरी तारीख टाकून ठेवा. पुढच्या निवडणुकीत जाहीरनामा वाचण्याआधी तो कागद काढा.

लोकशाहीत सभागृह रिकामे राहणे वाईट. ते भरलेले असून प्रश्न विचारणारे कोणी नसणे त्याहून वाईट. सभागृह आता भरले आहे. प्रश्न आपण पुरवायचे आहेत.